‘फँड्री’ आला आणि ७३ दिवसांनी खर्डा घडलं. नगर जिल्ह्यातल्या प्रेमाला नकार नेमका कोण देतं?

१४ फेब्रुवारी २०१४, शुक्रवार. व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी ‘फँड्री’ थिएटरात लागला. त्याआधी अजय-अतुलचं एक गाणं सगळीकडे वाजत होतं. शाळेतला मुलगा, शाळेतली मुलगी, नजरानजर. त्यामुळे कॉलेजची पोरंपोरी जोडीनं तिकीट काढून आत गेली. आत गेल्यावर कळलं की ते गाणं सिनेमात नाहीच. ते फक्त जाहिरातीसाठी होतं. सिनेमात होती डुकरं, एक काळी चिमणी, आणि शेवटी थेट पडद्यातून प्रेक्षकांवर भिरकावलेला दगड.

बाहेर पडलेल्या अनेकांनी तेव्हा म्हटलं, सिनेमा भारी आहे, पण आता असं कुठं राहिलंय?

२८ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे बरोबर ७३ दिवसांनी, याचं उत्तर नगर जिल्ह्यातूनच आलं. जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. गावातल्या मराठा समाजातल्या एका मुलीशी तो बोलत होता, या रागातून त्याला शाळेच्या आवारात मारहाण झाली, तिथून ओढत नेलं आणि नंतर त्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला, असा आरोप होता.

‘फँड्री’ची गोष्ट घडते नगर शहराजवळच्या अकोळनेरमध्ये. खर्डा त्याच जिल्ह्यात, पार दुसऱ्या टोकाला, आजच्या धाराशिव आणि बीड जिल्ह्यांच्या हद्दीजवळ. एक गोष्ट पडद्यावरची, दुसरी एफआयआरमधली. दोन्हींत शाळा आहे, दोन्हींत एक मुलगा आहे आणि दोन्हींत मुलीला काय वाटतं हे कुणी विचारलेलं नाही.

सिनेमातला जब्या आहे कोण?

जांबुवंत कचरू माने, म्हणजे जब्या, कैकाडी समाजातल्या घरातला. ‘फँड्री’ हा शब्दही कैकाडी भाषेतलाच, अर्थ डुक्कर. जब्या शाळेत जातो, पण घरी काम निघालं की शाळा बुडते. वर्गातली शालू त्याला आवडते. ती वरच्या जातीतली. दोघांत एक शब्दही बोलणं होत नाही. चिठ्ठी लिहिली जाते, पण तिच्यापर्यंत जात नाही. काळ्या चिमणीची राख अंगावर टाकली की माणूस वश होतो असं त्याला कुणीतरी सांगितलंय, म्हणून तो बेचकी घेऊन रानात हिंडतो. सोमनाथ अवघडेनं हा जब्या असा उभा केला की त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार दिग्दर्शक नागराज मंजुळे यांना मिळाला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण बहुतेक लेखांमध्ये ती सुटते. ‘फँड्री’ला सरसकट दलित मुलाची गोष्ट म्हटलं जातं. सामाजिक अर्थानं ते चूक नाही. पण सरकारी कागदावर नगर जिल्ह्यातला कैकाडी अनुसूचित जातीत येत नाही. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आहेत, उरलेल्या महाराष्ट्रात ते विमुक्त जातींमध्ये मोडतात. म्हणजे अॅट्रॉसिटी कायदा, जो फक्त अनुसूचित जाती आणि जमातींसाठी आहे, तो अकोळनेरच्या जब्याला लागूच होत नाही. जिल्ह्याची हद्द बदलली की अपमान तोच राहतो, पण कायद्याचं कलम बदलतं. मंजुळे स्वतः सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. वडारही विमुक्त जातींतच येतात.

मंजुळे यांचं नगरशी नातं आणखी जवळचं आहे. मराठीत एम.ए. केल्यानंतर त्यांनी कम्युनिकेशन स्टडीज शिकण्यासाठी नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात प्रवेश घेतला. तिथं अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘पिस्तुल्या’तही शाळेत जाऊ पाहणारा, पण जाऊ न शकणारा मुलगा होता. जेऊर आणि करमाळा नगर जिल्ह्याच्या सीमेलाच लागून आहेत, त्यामुळे बोली, जत्रा, उसाचे ट्रॅक्टर, उजनीचं पाणी, सगळं ओळखीचंच.

अमेरिकेतल्या दिवाणखान्यातला नकार

घरच्यांचा विरोध असलेल्या प्रेमाचे सिनेमे जगभर झालेत. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे १९६७चा ‘गेस हूज कमिंग टू डिनर’. सॅन फ्रान्सिस्कोमधली एक गोरी मुलगी घरी येते आणि सांगते, मी या माणसाशी लग्न करणार आहे. तो माणूस कृष्णवर्णीय डॉक्टर, म्हणजे सिडनी पॉइटिए. आईवडील उदारमतवादी, वडिलांचं वर्तमानपत्र आहे, आयुष्यभर समानतेच्या बाजूनं लिहिलंय. आता तेच घरात आलं तर काय? संध्याकाळपर्यंत होकार किंवा नकार द्यायचा आहे, कारण रात्रीच्या विमानानं दोघं जाणार आहेत. मुलाचे आईवडीलही येतात, आणि मुलाचे वडीलही तितकेच विरोधात असतात. दिवसभर सगळे बोलतात. बापलेक भांडतात, दोन आया एकमेकींशी बोलतात, शेवटी मुलीचा बाप सगळ्यांना बसवून एक लांबलचक भाषण करतो आणि मग सगळे जेवायला जातात.

त्या सिनेमाची वेळही अशीच विलक्षण होती. शूटिंग झालं तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांनी एकमेकांशी लग्न करणं हा गुन्हा होता. व्हर्जिनियात रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याला १९५८मध्ये त्यासाठी अटक झाली होती. शिक्षा टाळायची तर राज्य सोडून जा आणि २५ वर्षं जोडीनं परत येऊ नका, असं कोर्टानं सांगितलं होतं. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हे कायदे रद्द केले. मुलीच्या बापाचं काम करणारा स्पेन्सर ट्रेसी त्याच्या दोनच दिवस आधी, १० जूनला वारला होता. सिनेमा डिसेंबरात आला. कायदा बदलला होता, आता माणसांची समजूत काढायची होती आणि सिनेमानं ती काढून दाखवली.

या सिनेमावर एक टीका तेव्हापासून होते आणि ती रास्त आहे. मुलगा इतका हुशार, इतका सभ्य, इतका नावाजलेला दाखवलाय की त्याच्यात खोट काढायला जागाच नाही. साध्या मुलाला, पोस्टातल्या कारकुनाला वगैरे, असा होकार मिळाला असता का?

आता आपल्याकडचं बघू. आंतरजातीय लग्नं कायद्यानं वैध ठरवणारा हिंदू विवाह वैधता कायदा भारतात १९४९ साली आला. त्याआधी वर्षभर, एप्रिल १९४८मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं होतं. जात मोडायची तर बेटीव्यवहार झाला पाहिजे, हे त्यांनी १९३६च्या जातिअंतावरच्या भाषणातच मांडलं होतं. हे भाषण लाहोरच्या आयोजकांनी होऊ दिलं नाही, म्हणून ते पुस्तकरूपानं छापावं लागलं. १९५४मध्ये विशेष विवाह कायदा आला, १९५५मध्ये हिंदू विवाह कायदा.

थोडक्यात, अमेरिकेतली कायद्याची भिंत पडायच्या १८ वर्षं आधी आपल्याकडची पडली होती. मग ‘फँड्री’ २०१४मध्ये कशासाठी लागतो?

नकार आधीच दिलेला असतो

त्या अमेरिकी सिनेमातल्या घराचा दिवाणखाना डोळ्यासमोर आणा आणि मग ‘फँड्री’ आठवा. जब्याला कुणी ‘नाही’ म्हणतच नाही. शालूच्या बापाला या मुलाच्या मनात काय आहे याचा पत्ताच नसतो. विरोध करायची वेळच येत नाही, कारण हा मुलगा कुठपर्यंत येऊ शकतो हे आधीच ठरलेलं आहे.

कातडीच्या रंगावरून वंश दिसतो, जात तशी दिसत नाही. कपडे बदलले, केस विंचरले की जब्या आणि पाटलाचा मुलगा वर्गात एकाच बाकावर बसू शकतात. जब्याला नवी जीन्स आणि शर्ट हवाय तो म्हणूनच. त्यामुळे गावाला जात सतत दाखवत राहावी लागते. ती दाखवायची कशी? घर कुठल्या बाजूला आहे त्यावरून, आडनावावरून, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कामाला बोलावून.

‘फँड्री’मध्ये हे दोनदा घडतं. गावची जत्रा असते. नवे कपडे घालून, शालूच्या नजरेत भरावं म्हणून नाचणाऱ्या जब्याच्या डोक्यावर बत्ती दिली जाते. इतरांनी नाचायचं, त्यानं उजेड धरायचा. पुढं जत्रेत डुक्कर घुसतं, गोंधळ होतो आणि जब्याच्या बापाला, कचरूला, गावातली डुकरं पकडायला सांगितलं जातं. किशोर कदम यांनी केलेला हा बाप नाही म्हणू शकत नाही. पोरीच्या लग्नाला पैसे हवे आहेत आणि गावाशी वाकडं घेऊन राहता येत नाही.

मग शेवटची वीसेक मिनिटं. शाळेच्या शेजारी सगळं घर डुकरामागं पळतंय, शाळेची मुलं बघायला जमलीत, त्यात शालू आहे, ती हसते आहे. एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुकराला राष्ट्रगीत माहीत नसतं. पुढं ते डुक्कर बांबूला बांधून नेताना मागं शाळेची भिंत दिसते आणि भिंतीवर आंबेडकर, फुले दांपत्य, गाडगेबाबा. कुणीतरी या सगळ्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकतं. या प्रसंगात शालूचा बाप नाही, भाऊ नाही, काका नाही. तरी जब्याला नकार मिळालेला आहे, आणि तो सगळ्या गावानं मिळून दिलेला आहे.

हे सिनेमातलंच आहे असं वाटत असेल तर नगर जिल्ह्यातलं सोनई आठवावं लागेल. १ जानेवारी २०१३, नेवासा तालुका. सफाईचं काम करणाऱ्या मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली. त्यांच्यातल्या एकाचं मराठा समाजातल्या मुलीवर प्रेम होतं. या तिघांना घरी बोलावलं गेलं ते संडासाच्या टाकीच्या कामाचं निमित्त सांगून. खटला नाशिकला चालला, विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम होते आणि जानेवारी २०१८मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. ‘फँड्री’ तेव्हा प्रदर्शितही झाला नव्हता. पण कामाला बोलावणं म्हणजे काय, हे सोनईनं आधीच दाखवलं होतं. प्रेम करणाऱ्या मुलाला ज्या कामावरून ओळखलं जायचं, त्याच कामाच्या बोलावण्यावर तो गेला.

‘सैराट’मध्ये मुलगी बोलते

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी आला. खर्ड्याच्या घटनेला आदल्या दिवशीच दोन वर्षं झाली होती. तारखांचा हा योगायोगच, पण नगर, बीड, सोलापूर भागातल्या प्रेक्षकांना खर्डा आठवल्याशिवाय राहिलं नाही.

‘फँड्री’ आणि ‘सैराट’ यांच्यात मोठा फरक आहे तो आर्चीचा. शालू सबंध सिनेमात फक्त दिसते. आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, विहिरीत पोहणाऱ्या पोरांना बाहेर काढते, परशाकडे बघायचं तर थेट बघते आणि वेळ आली की पिस्तूलही चालवते. परशा मासेमारी करणाऱ्या घरातला, क्रिकेट चांगलं खेळणारा, अभ्यासात बरा, पण डॉ. पॉइटिए वगैरे नाही. रिंकू राजगुरू तेव्हा शाळेत होती. सिनेमा लागायच्या आधीच तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली होती. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सिनेमा त्याच फेब्रुवारीत दाखवून झाला होता. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला.

पण विरोधाचं चित्र इथंही दिवाणखान्यात मावत नाही. आर्चीचे वडील, तात्या, तालुक्याच्या राजकारणातलं प्रस्थ. पोरगी पळून गेल्यावर त्यांचं काय जातं? घरातली मुलगी जाते हे खरंच, पण त्याचबरोबर राजकारणातली पत जाते. ज्या सभेत ते स्वतः बोलले असते तिथं ते गप्प बसलेले दिसतात. आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या कानाखाली मारतो, तो प्रसंग सिनेमाच्या पूर्वार्धातला आहे. प्रेक्षक तेव्हा हसत-टाळ्या वाजवत असतात, म्हणून तो पटकन विसरला जातो. या घरात कुणाला मारलं तर चालतं, हे दिग्दर्शकानं तिथंच सांगून ठेवलेलं आहे.

विरोध परशाच्या घरातही आहे आणि तो वेगळ्या जातीचा आहे, शब्दशः. त्याच्या आईबापाला गाव सोडावं लागतं, बहिणीच्या लग्नाचं अवघड होऊन बसतं. म्हणजे खालच्या बाजूच्या घराला दोन्हीकडून मार. वरची जात मारायला उठते आणि स्वतःची जात पंगतीला घेत नाही. जातपंचायतींच्या या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळानं सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला तो ‘सैराट’ लागायच्या जेमतेम दोन आठवडे आधी, १३ एप्रिल २०१६ला. राष्ट्रपतींची मंजुरी मिळून तो प्रत्यक्षात लागू झाला २०१७मध्ये. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

शेवट सांगायची गरज नाही. तरी एक तपशील महत्त्वाचा. हैदराबादला आलेले भाऊबंद भांडायला आलेले नसतात. आईनं दिलेला आहेर घेऊन आलेले असतात, आर्ची त्यांना चहा करून देते. समेट झाला असं तिला वाटतं. त्या अमेरिकी सिनेमातही शेवटी सगळे एका टेबलाशी जेवायला बसतात. इथं चहाचे कप आहेत आणि त्यानंतर पडद्यावर आवाजच नाही.

‘सैराट’चे कन्नड, ओडिया, पंजाबी, बंगाली असे रिमेक झाले. २०१८मध्ये हिंदीत ‘धडक’ आला, तेव्हा गोष्ट उदयपूरला गेली. तिथं तलाव आले, हवेल्या आल्या, आणि जात इतकी मागं गेली की श्रीमंत मुलगी आणि साधा मुलगा एवढंच उरलं. करमाळ्याच्या उसातून गोष्ट उचलून नेली की तिच्यातला विरोध घरगुती होतो. बाप रागीट आहे म्हणून हे घडलं असं वाटायला लागतं.

मग खर्ड्याच्या खटल्याचं काय झालं?

खर्डा म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकातली १७९५ची लढाई आठवते, मराठ्यांनी निजामाला हरवलं ती. गावात किल्लाही आहे. ज्यांच्या नावानं जिल्हा आता ओळखला जातो त्या अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी हे याच जामखेड तालुक्यातलं. २०१४नंतर मात्र खर्ड्याचं नाव एका वेगळ्याच कारणासाठी देशभर गेलं. नेते आले, मोर्चे निघाले, अॅट्रॉसिटी कायद्यासह खुनाचा गुन्हा दाखल झाला.

२३ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या न्यायालयानं नऊही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. कारण होतं साक्षीदार. शाळेशी संबंधित लोकांसह अनेक महत्त्वाचे साक्षीदार न्यायालयात आधीच्या जबाबावरून फिरले. कायद्याच्या भाषेत ते फितूर झाले. सरकारी पक्षाला आरोप सिद्ध करता आला नाही, त्यामुळे न्यायालयाच्या लेखी ते दोषी नाहीत.

इथं ‘फँड्री’तला तो शेवटचा प्रसंग पुन्हा वेगळा दिसायला लागतो. शाळेजवळ जमलेली मुलं, बांधावर बसून बघणारी माणसं. सगळ्यांनी सगळं पाहिलेलं आहे. उद्या त्यांना कोर्टात बोलावलं तर काय सांगतील? ज्या गावात रेशन दुकान, सोसायटी, पतसंस्था, शाळेचं संचालक मंडळ आणि उसाची तोड सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, तिथं साक्ष देणं म्हणजे पुढची वीस वर्षं कुणाशी बोलणं बंद करायचं हे ठरवणं. अॅट्रॉसिटी कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण आलं ते दुरुस्तीनंतर, जानेवारी २०१६पासून. सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली डिसेंबर २०१८मध्ये. खर्ड्याचा निकाल तेव्हा लागून वर्ष झालं होतं.

आज कायदा काय देतो?

वेगवेगळ्या जातीतले दोघं हिंदू असतील तर हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करून नोंदणी करता येते, त्यासाठी आगाऊ नोटीस लागत नाही. विशेष विवाह कायद्यानं केलं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. घरच्यांना बातमी लागते ती अनेकदा इथूनच. जोडीदारांपैकी एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा विमुक्त-भटक्या जमातीतला असेल तर आंतरजातीय विवाहासाठी ५० हजार रुपयांचं अर्थसाहाय्य मिळतं. म्हणजे अॅट्रॉसिटी कायदा नगरच्या जब्याला ओळखत नाही, पण लग्नाची योजना ओळखते.

सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये लता सिंह खटल्यात स्पष्ट केलं की सज्ञान व्यक्ती कुणाशीही लग्न करू शकते आणि अशा जोडप्याला धमकावणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाई करायची. मार्च २०१८मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात न्यायालय आणखी पुढं गेलं. प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष हवा, जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा हवा, खाप किंवा तत्सम बैठक भरतेय असं कळलं तर पोलिसांनी ती थांबवायची, असे आदेश दिले. महाराष्ट्राच्या गृह विभागानं जिल्हावार सुरक्षित निवाऱ्यांची कार्यपद्धती ठरवली २०२४च्या अखेरीस. यातून निवाऱ्याची सोय होते, पण त्याआधी जोडप्याला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते.

आणि पोलीस ठाण्यात सहसा आधी पोचतात ते मुलीच्या घरचे. मुलीला फूस लावून पळवलं, अशी तक्रार दिली जाते. मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर पोक्सो लागतो आणि तिचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीनं संमती ठरत नाही. ती सज्ञान असेल तर सगळं तिच्या जबाबावर येऊन थांबतं. ‘सैराट’मध्ये परशा आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराची तक्रार तयार असते, वडील शेजारी बसलेले असतात आणि कागद आर्चीपुढं सरकवला जातो. तिनं फक्त सही करायची असते. ती कागद फाडते.